शकूआत्याचं माप

आमच्या घरातला टीव्ही दुकानातून आलेला नव्हता, तो बाबांनी जोडला होता. लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते शास्त्रज्ञ होते. दिवसभर तिथली यंत्रं हाताळायचे आणि घरी आले की आमच्या संसारातली. कुठून कुठून सुटे भाग गोळा करून, सहा महिने जेवणाचं अर्धं टेबल अडवून, आईचे टोमणे खात त्यांनी तो टीव्ही उभा केला आणि तो चक्क चालला. त्याच्या पाठीला ओळीनं पाच-सहा बटणं होती. एक पिळलं की चित्र उभं ताणलं जायचं, दुसरं पिळलं की वर-खाली पळायला लागायचं. लखनौची वीज तर महालहरी. व्होल्टेज पडलं की पडद्यावरची माणसं चारी बाजूंनी आकसायची, मग बाबा मागे जाऊन बटणं पिळायचे आणि आम्ही पुढून ओरडायचो, "बस बस! थोडा और! अरे, ज्यादा हो गया!" शेजारी हिंदीत ओरडायचे म्हणून आम्हीही हिंदीतच ओरडायचो. घरी आईबाबा मराठी बोलत, मी मराठीत ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. टीव्ही नीट करायचं मराठी मला आजही येत नाही.

अलीगंजातल्या आमच्या गल्लीत तेव्हा तेवढा एकच टीव्ही. संध्याकाळ झाली की व्हरांड्यात चपलांचा ढीग पडायचा. आईनं पहिला आठवडा सगळ्यांना चहा दिला, दुसऱ्या आठवड्यात ती शहाणी झाली. थंडीचे दिवस होते, बाजारात मटारांचे ढीग लागले होते. तिनं नियमच करून टाकला, जो टीव्ही बघायला येईल त्यानं मटार सोलायचे. मधोमध परात, आजूबाजूला गल्लीतल्या बायका, त्यांच्या मागे पुरुष, आणि बातम्या चालू असोत की शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती, परातीत टपटप दाणे पडतायत. कुणाच्या घरचे मटार असायचे, कुणाच्या घरची बथुआची पालेभाजी निवडायला यायची. रात्री आमच्याकडे मटारची उसळ आणि त्यावर आमच्या गावाहून, कऱ्हाडहून आलेल्या भाजणीची थालीपिठं. त्या थालीपिठांची आठवण आली की मला अजून भूक लागते, आणि डॉक्टरांनी तर आता सगळंच बंद केलंय. असो.

भाजणीवर हुकूमत होती ती शकूआत्याची. बाबांची ही थोरली बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही ते घरात कुणी बोलत नसे, आणि ठाऊक सगळ्यांना होतं. आजोबा गेल्यावर बाबा तिला लखनौला घेऊन आले. चारबागच्या फलाटावर ती उतरली तेव्हा एका हातात शिवणयंत्राचं डोकं होतं, फडक्यात गुंडाळलेलं, आणि हमालाला ती ते काही केल्या देईना. इथं आल्यावर वर्षाच्या आत तिनं मुलींच्या एका शिवणशाळेत नोकरी मिळवली. हिंदी तिला धड येत नव्हतं, पण कात्री तिच्या हातात अशी चालायची की भाषेची गरज कुणाला पडेना. दुपारभर आमच्या मागच्या खोलीत तिच्या मशीनची खडखड चालायची. ती थांबली की घरात काहीतरी बिनसलंय असं वाटायचं.

आत्या जाड होती. मी दुसरा शब्द वापरणार नाही, कारण तीही वापरत नसे. "जाड आहे गं मी, त्यात लपवायचं काय, आणि लपवणार कुठे?" म्हणायची. लखनौचे लोक मात्र कुणाला जाड म्हणणार नाहीत, जीभ झडली तरी. अमीनाबादला आम्ही कापड घ्यायला जायचो, तर दुकानदार म्हणायचा, "माशाअल्लाह, सेहतमंद हैं आप, आइए, गद्दी पर तशरीफ़ रखिए।" रिक्षावाला मागे वळून बघायचा, एकदा घाम पुसायचा आणि म्हणायचा, "चलेंगे क्यों नहीं, बहनजी!" एका टेलरमास्तरनं मात्र, फार अदबीनं, हात जोडून तिला परत पाठवलं होतं: "इस नाप का फ़रमा हमारे यहाँ नहीं है, माफ़ी चाहेंगे।" ती हसली, धन्यवाद म्हणाली आणि घरी येऊन स्वतःचा ब्लाउज स्वतः बेतला. बाई गं, काय ब्लाउज असायचे तिचे! कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही, खांदा जिथल्या तिथे. लग्नाला गेलं की बायका तिच्या पाठीकडे बघत राहायच्या, कारण पाठीवर इतका नीट बसलेला कपडा त्यांनी बारीक बाईच्या अंगावरसुद्धा पाहिलेला नसायचा.

पण हेच अदबशीर लोक टीव्हीपुढे बसले की कसे बदलायचे! दर आठवड्याला एक विनोदी नाटक लागायचं. त्यात एक जाडा माणूस हटकून असायचा. तो खाटेवर बसायचा, खाट मोडायची. दारात अडकायचा. दुसऱ्याच्या ताटातली जिलबी खायचा. आणि आमचा अख्खा हॉल मटार सोडून लोळायचा. जो मिश्राजी गल्लीत कुणाला 'तुम' म्हणत नसे तो ओरडायचा, "अरे देखो, हाथी आया!" पेटीतल्या माणसाला ऐकू जात नाही ना. आत्या त्या वेळी दाराशी तिच्या पाटावर बसलेली असायची, आणि गंमत म्हणजे तीही हसायची. फक्त एकदा ती मला म्हणाली, "त्याच्या सदऱ्याची बटणं बघ. मुद्दाम दोन मापं लहान शिवलाय. त्याला नीट मापाचा सदरा घाला बघू, निम्म्यांचं हसू तिथंच थांबेल." मी तेव्हा तिकडे लक्षच दिलं नाही. मला दुसऱ्या दिवसाची घाई असायची. शाळेत मधल्या सुट्टीत मी त्या जाड्या माणसाची नक्कल करायची, दप्तर कुर्त्याखाली घालून. खोटं कशाला बोलू, माझ्यासारखी नक्कल कुणालाच जमत नसे. दुसऱ्या तुकडीतल्या मुलीही बघायला यायच्या.

आणि अशात एक दिवस टीव्ही केंद्राच्या एक बाई आत्याला विचारत घरी आल्या. महिलांच्या कार्यक्रमात चार मंगळवार ब्लाउज शिकवायचा होता आणि शिवणशाळेनं आत्याचं नाव सुचवलं होतं. बाईंनी आत्याला पाहिलं, क्षणभर थांबल्या, मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ऐसा करेंगे बहनजी, हम एक लड़की खड़ी कर देंगे। नाप उसका लीजिए। कैमरे में आपके हाथ आएँगे और आवाज़।" आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती एकदम म्हणाली, "वन्सं, तुम्ही नाही म्हणा." आत्यानं चहा घेतला. मग तिच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "दुबली लड़की का ब्लाउज तो कोई भी काट ले। मेरा काट के दिखाऊँगी। नाप भी मेरा। नहीं तो आप कोई और देख लो।" बाईंनी बरंच समजावलं, लोग हँसेंगे असंसुद्धा शेवटी बोलून गेल्या. आत्या म्हणाली, "दो मिनिट हँसेंगे। फिर उनको भी ब्लाउज चाहिए ना?" बाई गेल्या. चार दिवसांनी निरोप आला, या.

शनिवारी चित्रण झालं, मंगळवारी ते दिसणार होतं. ते तीन दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. सगळ्या शाळेला कळणार की टीव्हीवरची ती बाई माझी आत्या आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नक्कल कशी करायची ते मीच सगळ्यांना शिकवून ठेवलेलं. सोमवारी मी बाबांना गाठलं. म्हटलं, "बाबा, वो हाइट वाला बटन थोड़ा घुमा दीजिए ना। बुआ लंबी दिखेंगी, पतली दिखेंगी।" बाबा माझ्याकडे बघत राहिले. इतके हुशार गृहस्थ, परदेशी मासिकांत लेख छापून आलेले, पण त्यांना एवढं सुचलं नाही की आपलं बटण पिळून आपल्याच घरातली आत्या बारीक होणार, लखनौतल्या बाकीच्या टीव्हींवर ती आहे तेवढीच राहणार. की सुचलं असेल? गल्ली तर आमच्याच हॉलमध्ये बसणार होती. बहिणीला लोक आपल्या घरात बसून हसतील ही कल्पना त्यांनाही सोसली नसावी. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिला सांगू नकोस."

मंगळवारी इतकी गर्दी झाली की परात ठेवायला जागा उरली नाही. या खेपेला बायका मटार सोलायला आल्या नव्हत्या, कागद-पेन्सिल घेऊन आल्या होत्या. आत्या नेहमीच्या पाटावर. बाबा टीव्हीच्या मागे. कार्यक्रम सुरू झाला आणि पडद्यावर आत्या आली: उंच, शिडशिडीत, डोक्याचा वरचा भाग चौकटीबाहेर गेलेला. "अरे वाह, बुआजी तो एकदम स्लिम लग रही हैं!" कुणीतरी म्हणालं. मी सुटकेचा श्वास सोडला. आत्या डोळे बारीक करून स्वतःकडे बघत राहिली. मग पडद्यावरच्या आत्यानं एक तयार कागद वर धरला आणि ब्लाउजचे भाग समजावायला लागली, यह सामने का, यह पीछे का, यह मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात ती गोलाई. हॉलमधल्या सगळ्या पेन्सिली एकदम चालायला लागल्या. आणि पाटावरची आत्या उठली.

"वसंता, मी चौकोनी कागद नेला होता. हा लांबुडका कसा झाला?"

"ते... व्होल्टेज, ताई," बाबा मागून म्हणाले.

"व्होल्टेज पडलं की चित्र आकसतं, हे तूच मला दहादा सांगितलंयस. मुंढा बघ, दुधीभोपळ्यासारखा दिसतोय. या बायका तो उतरवून घेतायत, आणि तसाच कापला तर एकीचा हात वर व्हायचा नाही. नीट कर आधी!"

बाबांनी टीव्हीवरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी बटण पिळलं. कागद चौकोनी झाला, मुंढा गोल झाला आणि आत्या पसरली, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आमची होती तेवढी सगळी. मला रडू येत होतं. पडद्यावर आत्यानं टेप उचलली, स्वतःच्या छातीभोवती फिरवली, पुढे जुळवली आणि शाळेत मुलींना सांगावं तशा आवाजात म्हणाली, "लिखिए बहनो। छाती, अड़तालीस।" अठ्ठेचाळीस इंच.

कुणी हसलं नाही. मागच्या पुरुषांपैकी एक-दोघे उगाच खाकरले. आणि मग मिश्राइन, मिश्राजींची बायको, जी उन्हाळ्यातसुद्धा शाल पांघरून यायची आणि जिला मी कधी चार शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, ती कागदावर पेन्सिल टेकवून म्हणाली, "हमारा छियालीस है।" आपल्या नवऱ्यासमोर, सगळ्या गल्लीसमोर. "हमारा चवालीस," पलीकडून कुणी म्हणालं. मिश्राजी छताकडे बघत होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की आमच्या गल्लीत किती बायका जाड होत्या. रोज येत होत्या, मटार सोलत होत्या, मला दिसल्याच नव्हत्या.

वाटलं, सुटलो. पण बुधवारी मधल्या सुट्टीत एका मुलीनं दप्तर कुर्त्याखाली घातलं, केसांची रिबीन सोडून छातीभोवती गुंडाळली आणि ओरडली, "लिखिए बहनो!" काय सांगू, हुबेहूब केली हो. माझ्याच ढंगात. सगळ्या हसल्या, आणि लाज वाटते सांगायला, त्यांच्याबरोबर मीही हसले. कुणालाच माहीत नव्हतं की ती माझी आत्या, आणि मी सांगितलं नाही. घरी आले ती तडक मागच्या खोलीत, आत्याच्या मशीनपाशी जाऊन जे रडायला सुरुवात केली ते सगळं बोलून झाल्यावरच थांबले: नक्कल, बाबांचं बटण, आजचं हसणं, सगळं.

आत्यानं मशीन थांबवलं. म्हणाली, "चांगली केली का गं नक्कल?"

"हं."

"तुझ्यापेक्षा?"

मी मान डोलावली. ती जरा वेळ दोऱ्याचं रीळ फिरवत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली आणि उभी राहिली. "घे माप. आपल्या हातानं घे."

मी तिचं माप कधी घेतलं नव्हतं. टेप मागून फिरवायची म्हणजे मला दोन्ही हातांनी तिला कवेत घ्यावं लागलं, गाल तिच्या खांद्यावर टेकला, तिच्या पदराला खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. टेप कशीबशी पुढे आणली आणि आकडा वाचला. परत वाचला.

"मोठ्यानं सांग," आत्या म्हणाली.

"साढ़े पचास।" मी तिच्याकडे बघितलं. "बुआ, टीव्ही पर तो आपने..."

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत मी तिला शरमलेली पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. "तिथं कॅमेऱ्यामागं कुणीतरी हसलं गं," ती म्हणाली. "फार नाही, एकदाच. पण तेवढ्यानं माझा हात घट्ट झाला. टेप ओढली गेली. अडीच इंच चोरले मी." ती खाली बसली, मशीनचं चाक हातानं उगाच मागे-पुढे केलं. "आणि तुझ्या बापाला मी भरसभेत मुंढ्यावरून बोलले!"

मी म्हटलं, जाऊ दे, कुणाला कळणार आहे? तेव्हा ती अशी उसळली की ज्याचं नाव ते. "कळायचं काय त्यात? येत्या मंगळवारी बायका कापडाला कात्री लावणार! मी माप चोरलं, तसं त्यांनीही चोरलं असेल. मला बघून धीर आला म्हणून आकडा बोलल्या बिचाऱ्या, आणि शिवून अंगात घातला की बटण लागायचं नाही. मग म्हणतील, आपलं अंगच वाईट." त्या संध्याकाळी ती नीट जेवली नाही. आईनं दोनदा विचारलं, "वन्सं, काय झालं?" तर म्हणाली, "माप चुकलं." आईला वाटलं, गिऱ्हाइकाचं.

शनिवारी ती चित्रणाला निघाली तेव्हा तिला सोडायला मी गेले. रिक्षात ती ओठांतल्या ओठांत हिंदी वाक्य घोकत होती. मला आत जाऊ दिलं नाही. आता मीही आत्याच्या त्या वयाच्या पुढे आले, चार ठिकाणी भाषणं दिली, पण आपली चूक आपल्या तोंडानं, ती चूक ज्या जागी केली त्याच जागी उभं राहून सांगायची, हे मला एकदाही जमलेलं नाही. लोक तिच्या हिमतीचं कौतुक पहिल्या मंगळवारसाठी करतात. मी नाही करत.

दुसऱ्या मंगळवारी बाबा टीव्हीच्या मागे गेलेच नाहीत, पुढे येऊन सगळ्यांत बसले. पडद्यावर आत्या आली, पदर खोचला, टेप उचलली. "बहनो, काटने से पहले एक बात। पिछली बार मैंने अपना नाप कम बताया। शरम आ गई थी। सही नाप लिखिए।" तिनं टेप फिरवली. या वेळी हात सैल होता, आम्हाला इकडून दिसत होतं. "साढ़े पचास। आप भी देख लीजिए, किसी ने टेप खींची हो तो।"

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मग मिश्राइननं माझ्याकडे हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, "बिटिया, रबर है?" मी कंपासपेटीतला रबर दिला. तिनं कागदावरचे शेहेचाळीस खोडले, जपून, कागद फाटू न देता, आणि त्या जागी ठळक अक्षरांत पन्नास लिहिले. मग तो रबर तिनं शेजारणीला दिला, शेजारणीनं पुढे, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो काही माझ्याकडे परत आला नाही.